यूएसबीचा पोर्ट कुणी जाळला

"ज्यांच्या घरात अजून धड लाईट नाही, त्यांच्या हातात कॉम्प्युटर दिला की हेच होणार," असं आमचे विभागप्रमुख सगळ्या वर्गासमोर म्हणाले. त्या वाक्याचा राग मला आजही तितकाच येतो.

ज्या मुलीला उद्देशून ते बोलले ती टेबलाशी उभी होती. हातात यूएसबीची केबल तशीच होती. खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला होता आणि तिच्यासमोरचा कॉम्प्युटर बंद पडला होता. मुलगी सुरगाण्याकडची. आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची आणि रोज दोन बस बदलून कॉलेजात यायची. तिने फक्त सांगितल्याप्रमाणे केबल लावली होती. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, मी पाहिलं होतं. "सर, तिने काही चुकीचं केलेलं नाही," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, तुम्ही लगेच त्यांची बाजू घेऊ नका," एवढं बोलून ते निघून गेले. त्यातला 'त्यांची' हा शब्द मला जास्त लागला.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागा मोडून उभ्या केलेल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होते. कॉलेजची एक जुनी इमारत होती, तिच्यात ऑफिस आणि प्राचार्यांची केबिन. शेजारी घाईघाईने बांधलेली नवी इमारत, तिच्यात आमच्या लॅब. आमचं प्रॅक्टिकल साधं होतं. एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, त्याला त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय, आणि बोर्डात प्रोग्राम घालायला कॉम्प्युटरला जोडायची यूएसबी केबल. तो पॉवर सप्लाय भिंतीवरच्या ज्या लाईनला लावायचो, ती जुन्या इमारतीतून ओढून आणलेली होती. कॉम्प्युटर मात्र नव्या इमारतीच्या लाईनवर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सगळं कारस्थान तिथेच होतं.

जुने कॉम्प्युटर होते तोवर कुणाची तक्रार नव्हती. नवे आले, त्यांना केबल लावायला यूएसबीशिवाय दुसरं तोंडच नव्हतं, आणि मग एकेक पोर्ट जळायला लागला. कधी नुसता पोर्ट जायचा, कधी कॉम्प्युटरच्या आतला मदरबोर्डही. आधी दोघा मुलांच्या हातून असंच झालं होतं. त्यांना "जरा जपून रे" एवढंच ऐकावं लागलं. ती मुलं कॉलेज रोडवरच्या बंगल्यांतली होती. या मुलीला मात्र लॅबमध्ये यायची बंदी झाली आणि पालकांना घेऊन ये असं फर्मान निघालं.

मला स्वतःला त्या लॅबचा संशय फार आधीपासून होता. आमच्याकडे एक नियम होता, बहुतेक ठिकाणी तेव्हा असायचा: कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला-बूट दाराबाहेर काढायचे. म्हणजे सगळी मुलं अनवाणी, थंडगार फरशीवर. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाचा मागचा भाग लागला की मुंग्या यायच्या. मुली हसून हात झटकायच्या. मी सरांना दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा ते म्हणाले, हवेतली स्टॅटिक असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही चप्पल घालून जात जा, तुम्हाला नियम माफ." जणू मी स्वतःसाठी सवलत मागायला गेले होते!

मुलीचे वडील आले तो दिवस मला विसरता येत नाही. छाटणीचा हंगाम होता. ते आणि तिची आई, दोघंही गाव सोडून दिंडोरीजवळच्या एका बागेत कामाला आले होते, बागेतच खोपटं करून राहत होते. ते कामाच्याच कपड्यांत आले, बोटांवर द्राक्षाच्या चिकाचे काळे डाग तसेच. सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. समोर खुर्ची रिकामी होती.

"तुमच्या मुलीने कॉलेजचं नुकसान केलंय," सर म्हणाले.

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"माझी पोर खोटं नाय बोलत, सायेब," ते म्हणाले. "पण तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणता तर मी हात जोडतो. तिला आत बसू द्या."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. मुलीने मान फिरवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तिथेच उभी होते. मी मध्ये पडले नाही, कारण माझ्या हातात तेव्हा पुरावा नव्हता आणि सर 'पुरावा काय' हेच विचारणार होते. वडील गेल्यावर सर मला म्हणाले, "बघा, कबूल केलं की नाही?" मला वाटलं, समोरचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावा.

त्याच दुपारी मी मल्टिमीटर घेऊन लॅबमध्ये बसले. भिंतीवरच्या जुन्या लाईनचं अर्थिंग आणि कॉम्प्युटरचा पत्रा, यांच्यामध्ये मीटर लावला. जिथे शून्य यायला हवं, तिथे मेन लाईनच्या जवळपास निम्मा व्होल्टेज. वायर काढून पुन्हा लावली, तेच. दुसरा कॉम्प्युटर, तेच. नव्या इमारतीच्या सॉकेटांना अर्थिंगचं भोक होतं, पण त्यामागे जमीनच नव्हती. कॉम्प्युटरचा पत्रा अधांतरी तरंगत होता. बोर्ड मात्र जुन्या लाईनमुळे जमिनीशी नीट बांधलेला. दोघांना जोडणारी एकच वाट, ती बिचारी यूएसबीची केबल. पत्र्यावर साचलेला करंट त्या वाटेने धावायचा आणि पोर्ट जाळून टाकायचा. केबल कुणाच्या हातात आहे, त्याचे आईबाप कुठे राहतात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मी हे सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी वायरिंगच्या ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदाराने टेस्टर सॉकेटमध्ये घातला, लाल दिवा लागला.

"लाईट येतेय ना मॅडम? मग?"

"अर्थिंगचं विचारतेय मी."

"सगळं केलेलं आहे. आपण सगळीकडे असंच करतो."

सर समाधानाने हसले. "झालं ना मॅडम तुमचं समाधान?"

असल्या हसण्याची मला जुनी ओळख होती. नव्वदच्या दशकात मी डिप्लोमाला होते तेव्हा वर्कशॉपमध्ये आम्हा दोघी मुलींना सोल्डरिंगची गन हातात मिळायची नाही. मुलांनी जोडायचं, मुलींनी बसून आकृत्या काढायच्या. मी हट्टाने घरी शिकले, बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरचं पोट उघडून, बोटं भाजून घेत. म्हणून यावेळी ठरवलं की बोलत बसायचं नाही, करून दाखवायचं.

माझी एक डिप्लोमाची मैत्रीण पुण्यात दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. रुग्णाच्या अंगाला लावलेलं यंत्र कॉम्प्युटरला जोडताना मध्ये करंट अडवणारा एक आयसोलेटर घालतात, हे तिच्याकडून ऐकलं होतं. तयार आयसोलेटर आमच्या आवाक्याबाहेरचा. पण त्या सुमाराला यूएसबीसाठी एक नवी चिप आली होती आणि तिच्यावर बेतलेलं किट पुण्यात मिळू लागलं होतं. मैत्रिणीने एक कुरिअरने धाडलं. प्लास्टिकच्या पिशवीत हिरवी पट्टी, काळी चिप, चिमूटभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, यूएसबीची दोन तोंडं आणि पॉवरचं एक चौकोनी ठोकळ्यासारखं मॉड्यूल. त्या पट्टीच्या बरोबर मधोमध तांब्याचा एकही धागा नव्हता. अलीकडचा भाग कॉम्प्युटरचा, पलीकडचा बोर्डाचा. चिप त्या मोकळ्या पट्ट्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसते. निरोप इकडून तिकडे जातो, करंट जात नाही.

रविवारी सकाळी मी त्या मुलीला घरी बोलावलं. माझ्या नवऱ्याने पोहे केले आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही सगळं मांडलं. मी तिच्यापुढे सोल्डरिंगची गन सरकवली. तिने हात मांडीवरच ठेवले.

"नको मॅडम. जळलं तर परत माझ्यावर येईल."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती. पाऊस येईल असं म्हणावं तसं म्हणाली. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, बारावीला तिच्या आश्रमशाळेत पहिली आलेली, आणि आम्ही शिक्षकांनी तिला एका आठवड्यात हे शिकवलं होतं की वस्तूला हात लावायचा नाही. मला इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी पिऊन आले.

चिप मीच बसवली. एका कोपऱ्यातला पाय आधी टाचला, चष्मा काढून डोळे जवळ नेऊन सगळे पाय पट्टीवरच्या खुणांशी जुळतात का पाहिलं, मग समोरच्या कोपऱ्यातला पाय. पेस्ट लावून एकेका पायावरून गन फिरवली. दोन पाय एकमेकांना चिकटले. तांब्याची जाळीदार फीत वर ठेवून गरम केली तेव्हा जास्तीचं सोल्डर तिने शोषून घेतलं. मुलगी पाहत होती. रेझिस्टर लावायला घेतले तेव्हा ती म्हणाली, "तो चिमटा मी धरू?" तिथून पुढचं बरंचसं तिनेच केलं. यूएसबीच्या तोंडांचे जाड पत्र्याचे पाय गरम व्हायला वेळ लागतो, तिथे घाई केली की सोल्डर नुसतं वर बसतं, पकड घेत नाही. एक पाय तिने दोनदा उखडून पुन्हा लावला.

मग मीटरवर बझर लावून तपासलं. अलीकडच्या भागात बीप. पलीकडच्या भागात बीप. एक टोक इकडे आणि एक तिकडे ठेवलं की शांतता. "हे वाजता कामा नये," मी म्हणाले. तिने प्रत्येक पिनवर पुन्हा पुन्हा टोक ठेवून पाहिलं. कुठेच वाजलं नाही.

आता घरचा कॉम्प्युटर. आधी जुना माउस लावून पाहिला. काहीच नाही. पडद्यावर साधी सूचनासुद्धा आली नाही. तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळे का?" तिने लगेच विचारलं. मी किटसोबतचा कागद पुन्हा वाचला. पट्टीवर वेग निवडायची एक लहान पिन होती. ती वेगवान बाजूला होती आणि माउस असतो हळू वेगाचा. पिन बदलली आणि पडद्यावरचा बाण हलला. ती मोठ्याने हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमचा बोर्ड वेगवान, म्हणून पिन परत जागेवर लावली. बोर्डही चालला.

सोमवारी मी सरांसमोरच सांगितलं की आज केबल हीच मुलगी लावणार. सर म्हणाले, "बंदी आहे तिला." मी म्हणाले, "मग मी वर्ग घेणार नाही." ते टेबलापासून बाजूला झाले. ज्या टेबलावर पोर्ट जळला होता त्याच टेबलावर, दुरुस्त होऊन आलेल्या त्याच कॉम्प्युटरला, मध्ये आयसोलेटर घालून तिने केबल लावली. प्रोग्राम गेला, बोर्डावरचे दिवे लुकलुकले. पुन्हा काढून लावली. त्या आठवड्यात सगळ्या वर्गाने तिच्या त्या एका आयसोलेटरवरून रांगेने प्रॅक्टिकल केलं. एकही पोर्ट गेला नाही.

सर खूश झाले, इतके की माझा विश्वास बसेना. "वा मॅडम! प्रत्येक टेबलाला एकेक करून टाका. तपासणी समिती येतेय पुढच्या महिन्यात. विभागाने स्वतः विकसित केलेलं उपकरण म्हणून दाखवू."

"सर, हे उपकरण अर्थिंग नाही हे दाखवायला केलंय."

"हो, पण आता अर्थिंगची गरजच काय? पोर्ट जळत नाहीत ना?"

माझ्या कानांवर विश्वास बसेना. इलेक्ट्रॉनिक्सचा विभागप्रमुख हे बोलत होता! आधी निदान केबलमधून तो करंट जमिनीत जायचा. आता मध्ये भिंत घातल्यावर कॉम्प्युटरचा पत्रा कायमचाच तरंगत राहणार. एखाद्या पोराने एक हात पत्र्यावर आणि दुसरा बोर्डाच्या सप्लायवर ठेवला की करंट त्याच्या छातीतून जाणार. तेही अनवाणी उभ्या पोराच्या. आज मुंग्या येतात, उद्या एखाद्या कॉम्प्युटरच्या आत वायर सुटली की मुंग्यांवर भागणार नाही. मी हे सगळं त्यांना सांगितलं. माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "तुम्ही फार भावनिक होता."

मी आयसोलेटर पर्समध्ये टाकला आणि सरळ जुन्या इमारतीत प्राचार्यांकडे गेले. जाताना लॅबमधून बल्ब बसवलेला एक होल्डर घेतला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. प्राचार्य समितीच्या तयारीत बुडालेले होते. "पाच मिनिटं, सर," म्हणत मी त्यांच्या खुर्चीमागच्या सॉकेटपाशी बसले. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख लागला.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुमच्या केबिनला अर्थिंग आहे. आता माझ्या लॅबमध्ये चला."

ते आले, नाराजीनेच. मागोमाग आमचे सरही धावत आले. दाराशी प्राचार्य थबकले. "बूट काढावे लागतील, सर, नियम आहे," मी म्हणाले. त्यांनी बूट काढले, मोजेही काढले, कारण नुकतीच पुसलेली फरशी अजून ओली होती. मी बल्ब लावला. फेज आणि न्यूट्रल, बल्ब लागला. फेज आणि अर्थिंग, काळोख. दुसऱ्या सॉकेटला, काळोख. तिसऱ्याला, काळोख. मी बोलत असतानाच प्राचार्यांनी टेकायला म्हणून हात कॅबिनेटवर ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे! शॉक बसतोय इथे!"

"किरकोळ लीकेज आहे, सर," विभागप्रमुख म्हणाले.

"मुलं रोज इथे बसतात?"

मी म्हणाले, "रोज. आणि पोर्ट जळाला म्हणून त्यांच्यातल्या एकीच्या वडिलांना इथे बोलावून हात जोडायला लावलेत."

दिवाळीच्या सुट्टीत प्राचार्यांनी नव्या इमारतीखालच्या पार्किंगची फरशी उखडायला लावली. भिंतीतून खाली आलेली अर्थिंगची तार फरशीखाली नुसती वाकवून सोडलेली होती. पुढे ती पुरायचा अर्थिंगचा खड्डाच नव्हता. प्लेट नव्हती, कोळसा नव्हता, मीठ नव्हतं. एवढी इमारत उभी केली आणि ही एक गोष्ट, जी दिसत नाही, ती कुणी केलीच नाही. आता खड्डा खणला, प्लेट पुरली, कोळसा-मीठ घातलं. सुट्टीनंतर मी बल्ब लावून पाहिला, प्रत्येक टेबलाला लागला. बूट काढायचा नियम मात्र तसाच राहिला.

मला वाटलं होतं की आता सर वर्गात येऊन दोन शब्द बोलतील. मी मागे लागले. ते म्हणाले, "बंदी उठवली ना? आता कशाला उकरून काढता?" प्राचार्य म्हणाले, समिती होऊ दे. समिती आली, गेली. नोटीस बोर्डावर लागलं की विभागातील विद्युत यंत्रणेचे अद्ययावतीकरण पूर्ण झाले आहे. अद्ययावतीकरण! शेवटी मीच वर्गात सांगितलं की पोर्ट हिने जाळलेला नव्हता, इमारतीने जाळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती तास संपल्यावर माझ्याकडे आली.

"मॅडम, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. पण मला सगळ्यांसमोर बोलले ते सर होते."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

एका रविवारी मी तिला स्कूटरवर मागे बसवून दिंडोरीकडे गेले. तिचे आईवडील वेलींच्या काड्या बांधत होते. आईने हात पुसून तांब्याभर पाणी आणून दिलं. मी वडिलांना सगळं सांगितलं. खड्डा, तार, बल्ब, सगळं. त्यांनी कात्री बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आम्हाला ठाऊकच हाय ना बाई, पोरीनं काय केलं नाय ते. तुम्ही एवढ्या लांब आल्या, लय चांगलं केलं." आणि विचारलं, "त्या सायबांना कळलं का?"

"कळलं, दादा."

"मग ते का नाय आले?"

पोरगी मातीकडे पाहत उभी होती. वडिलांनी कात्री उचलली आणि पुढच्या वेलीकडे गेले.

ती इंजिनिअर झाली, चांगल्या मार्कांनी. आयसोलेटर मी तिलाच देऊन टाकला. दोन वर्षांनी मी ते कॉलेज सोडलं. निरोपाच्या चहाला विभागप्रमुखांनी माझ्या चिकाटीचं कौतुक केलं, आणि टाळ्या वाजत असताना मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "सर, त्या मुलीच्या वडिलांना भेटायला दिंडोरीला कधी जाताय?" त्यांना आठवलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय.